शापेकोएन्सेच्या विमानातलं इंधन का संपलं?

प्रश्न असा आहे: २०१६ साली ब्राझीलच्या शापेकोएन्से फुटबॉल संघाचं विमान कोलंबियात कोसळलं, ते खरोखर इंधन संपल्यामुळे का? चार इंजिनांच्या जेट विमानाच्या बाबतीत आजच्या काळात असं होऊच कसं शकतं? त्या रात्री एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाने, त्यांना घिरट्या घालायला लावल्या नसत्या तर सगळे वाचले असते का? आणि फुटबॉल संघांच्या वाट्याला असे अपघात इतक्या वेळा का येतात?

मी मुंबईत एका विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात बरीच वर्षं काढली. उड्डाणाआधी मार्ग, हवामान, वजन आणि इंधन यांचा हिशेब मांडायचा, तो कॅप्टनसमोर ठेवायचा, त्यावर सही करायची आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे आमचं काम. आता नव्या डिस्पॅचरना शिकवते. त्यांना हा अपघात मी सविस्तर शिकवते, कारण यात जे चुकलं ते जवळजवळ सगळं आमच्याच टेबलावरचं आहे.

तर हो, ते विमान इंधन संपूनच पडलं. यंत्रात बिघाड नव्हता, टाकी गळत नव्हती. कोलंबियाच्या तपास यंत्रणेने एप्रिल २०१८ मध्ये अंतिम अहवाल दिला, त्यातही हेच आहे. विमानात ७७ जण होते. ७१ गेले, ६ वाचले. या ७१ जणांचा जीव बोलिव्हियात, उड्डाण होण्याआधीच धोक्यात घातला गेला होता असं माझं ठाम मत आहे. ते का, हे नीट सांगायचं तर इंधनाच्या हिशेबापासून सुरुवात करावी लागेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इथून तिथे जायला लागतं तेवढं इंधन भरायचं आणि वर थोडं जास्तीचं टाकायचं. आमच्याकडे ‘थोडं जास्तीचं’ असा प्रकार नसतो. प्रत्येक किलोला नाव असतं. (विमानाचं इंधन आम्ही लिटरमध्ये नाही, किलोत मोजतो, कारण सगळा संबंध वजनाशी असतो.) पार्किंगपासून धावपट्टीपर्यंत लागतं ते टॅक्सी फ्युएल. उड्डाणापासून उतरेपर्यंत लागतं ते ट्रिप फ्युएल. वाटेत वारा उलटा फिरला, हवी ती उंची मिळाली नाही, तर त्यासाठी कंटिन्जन्सी, साधारणपणे ट्रिपच्या ५ टक्के. ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायला अल्टरनेट फ्युएल. आणि या सगळ्याच्या तळाशी फायनल रिझर्व्ह, म्हणजे विमानतळाच्या १,५०० फूट वर अर्धा तास फिरत राहता येईल इतकं इंधन. हा शेवटचा अर्धा तास खर्चासाठी नसतो. तो टाकीत शिल्लक ठेवूनच चाकं जमिनीला लागली पाहिजेत. त्याला हात लागणार असं दिसलं की कॅप्टनने त्याच क्षणी मेडे, म्हणजे रेडिओवरून आणीबाणीची हाक, द्यायचा, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

मुंबईच्या पावसाळ्यात ज्यांनी डिस्पॅचला काम केलंय त्यांना या अर्ध्या तासाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. जुलैमधल्या संध्याकाळी धावपट्टीवर धो धो पाऊस, समोरचं दिसेना, वर विमानांची रांग लागलेली. दोन विमानं उतरायचा प्रयत्न सोडून परत वर जातात, तिसरं अहमदाबादला निघून जातं, चौथ्याचा कॅप्टन विचारतो की आणखी किती वेळ थांबायचं. त्या वेळी टाकीत काय आहे यावरच सगळं ठरतं, आणि टाकीत काय आहे ते तीन तासांपूर्वी कोणीतरी टेबलावर बसून ठरवलेलं असतं.

आता २८ नोव्हेंबर २०१६ ची संध्याकाळ. बोलिव्हियातल्या सांता क्रूझ शहराच्या विरू-विरू विमानतळावरून लामिया कंपनीचं एव्ह्रो आरजे-८५ विमान कोलंबियातल्या रिओनेग्रोकडे निघालं. रिओनेग्रो म्हणजे मेडेलिन शहराचा मुख्य विमानतळ. अंतर जवळजवळ ३,००० किलोमीटर. आरजे-८५ हे छोट्या पल्ल्याचं विमान. चार छोटी इंजिनं, आखूड धावपट्टीवरही उतरू शकतं, दोन शहरांमधल्या तास-दीड तासाच्या फेऱ्यांसाठी उत्तम. त्याच्या टाक्यांत सुमारे ९,३०० किलो इंधन मावतं, आणि त्या दिवशी टाक्या जवळजवळ काठोकाठ भरल्या होत्या. म्हणजे आणखी इंधन घालायला जागाच नव्हती. एवढ्या अंतरासाठी या विमानाला वाटेत कुठेतरी उतरून इंधन भरणं भागच होतं.

फ्लाइट प्लॅनचा आंतरराष्ट्रीय फॉर्म जगभर एकसारखाच असतो. त्यात रकाना १६ मध्ये एकूण लागणारा वेळ लिहितात आणि रकाना १९ मध्ये एन्ड्युरन्स, म्हणजे टाकीतल्या इंधनावर विमान किती वेळ हवेत राहू शकतं ते. लामियाच्या फॉर्मवर रकाना १६ मध्ये होतं ४ तास २२ मिनिटं. रकाना १९ मध्येही ४ तास २२ मिनिटं. ही दोन आकडेमोडीची पानं नव्हेत, एकाच कागदावरचे दोन रकाने आहेत. माझ्या हाताखालच्या नवशिक्या मुलानेही हा फॉर्म पाहून पेन खाली ठेवलं असतं. हिशेब तुम्हीच करून पाहा. ४ तास २२ मिनिटांचे ५ टक्के म्हणजे १३ मिनिटं. अल्टरनेट म्हणून कोलंबियाची राजधानी बोगोटा धरलं तर आणखी साधारण अर्धा तास. त्यावर फायनल रिझर्व्हचा अर्धा तास. नियमाप्रमाणे निघायला साडेपाच तासांचं इंधन हवं होतं. कमतरता थोडीथोडकी नाही, तासाभराहून जास्त होती.

आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. बोलिव्हियाच्या विमानतळ सेवा संस्थेत, आसानामध्ये, काम करणाऱ्या सेलिया कास्तेदो यांच्यासमोर हा प्लॅन आला. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांनी त्यावर हरकती काढल्या. वेळ आणि एन्ड्युरन्स सारखेच कसे, हे त्यात होतंच. लामियाच्या डिस्पॅचरने त्यांना सांगितलं की कॅप्टनचं म्हणणं आहे, एवढं पुरेल. प्लॅन पुढे गेला. तो डिस्पॅचर स्वतः त्याच विमानात बसला आणि त्याच अपघातात गेला. हे वाचताना दरवेळी मला थांबावं लागतं. कागदावरचा आकडा खोटा आहे असं मनापासून वाटत असतं तर तो चढला नसता. त्याला खरंच वाटत होतं की पुरेल.

कास्तेदो यांचं पुढे काय झालं तेही सांगते. अपघातानंतर आपल्यावर अहवाल बदलण्यासाठी दबाव आला असं सांगून त्या सीमा ओलांडून ब्राझीलला गेल्या आणि आश्रय मागितला. बोलिव्हियाने त्यांच्यावरच गुन्हा दाखल केला. २०२१ मध्ये ब्राझीलच्या कोरुंबा शहरात त्यांना अटक झाली. उड्डाण थांबवण्याचा अधिकार आपल्या खात्याला नव्हता, तो हवाई वाहतूक संचालनालयाला होता, ही त्यांची बाजू. कायद्याचा निकाल कायदा देईल. माझ्या अनुभवाने मी एवढंच म्हणेन की कागद तपासायचा, चूक दिसायची, पण विमान रोखायचा अधिकार नाही, अशी खुर्ची कोणत्याही विमानतळावर असू नये. चूक दाखवणाऱ्याला ‘हो का, बघू’ म्हणून वाटेला लावता येत असेल तर त्या तपासणीचा उपयोग काय?

पण मुळात हे काम कास्तेदो यांचं नव्हतंच. आधी ते कंपनीच्या स्वतःच्या डिस्पॅचचं होतं. आमच्या शाखेत डिस्पॅचर आणि कॅप्टन या दोघांचं पटल्याशिवाय विमान हलत नाही, निदान हलू नये. अनेकदा वाद होतात. कॅप्टन म्हणतो मला दोन टन जास्त हवं, आम्ही म्हणतो वजनात बसत नाही. कधी उलटही होतं. हा वाद व्हावा म्हणूनच ही दोन पदं वेगळी ठेवली आहेत. लामियात कॅप्टन मिगेल किरोगा हे कंपनीचे भागीदार मालकही होते. मग डिस्पॅचर कोणाशी वाद घालणार? आपल्या मालकाशी? को-पायलटने तरी मालकाला कसं सांगायचं की साहेब, इथे उतरून इंधन घेऊ या? वाटेत उतरायचं तर लँडिंगचे पैसे, हँडलिंगचे पैसे, वेळ, कर्मचाऱ्यांच्या ड्युटीचे तास, सगळं वाढतं. मोठ्या कंपनीत हा खर्च कॅप्टनच्या खिशातून जात नाही. इथे तो जात होता. ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याच्याच हातात रिझर्व्हची चावी होती. या अपघाताचं मूळ मी इथे पाहते.

वाटेत इंधन घ्यायचं ठरलंच नव्हतं का? उत्तर बोलिव्हियातल्या कोबिहाला थांबायचं ठरलं होतं, पण उड्डाणाला उशीर झाला आणि तो विमानतळ रात्री बंद असतो. राहिलं बोगोटा. ब्लॅक बॉक्समध्ये कॉकपिटमधलं बोलणं आहे: आधी एक पायलट म्हणतो की बोगोटाला उतरून इंधन घेऊ. दहाएक मिनिटांनी, विमान कोलंबियाच्या कंट्रोलकडे गेल्यावर, पुन्हा बोलणं होतं आणि थेट रिओनेग्रोला जायचं ठरतं. त्यानंतरचं बोलणं आपल्याला कधीच कळणार नाही, कारण कॉकपिटचं रेकॉर्डिंग अपघाताच्या सुमारे १ तास ४० मिनिटं आधीच बंद पडलं होतं. बोगोटा वाटेवरच होतं. मोठा विमानतळ, रात्रभर चालू. अर्ध्या-पाऊण तासाचं काम होतं.

आता शेवटच्या वीस मिनिटांकडे येते, कारण एटीसीबद्दलचा प्रश्न तिथला आहे.

विमान स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून १८ मिनिटांनी उडालं होतं, म्हणजे कोलंबियाच्या घड्याळात ५:१८. कागदावरची ४ तास २२ मिनिटं संपतात ती रात्री ९:४० ला. त्या सुमारास लामिया रिओनेग्रोच्या दक्षिणेला पोचलं होतं आणि जेमली नावाच्या बिंदूवर २१,००० फुटांवर त्याला होल्डिंगमध्ये टाकण्यात आलं, म्हणजे घिरट्या घालत थांबायला सांगितलं. कारण व्हिवाकोलंबियाचं एक एअरबस, बोगोटाहून सान आंद्रेस बेटाकडे निघालेलं, इंधन गळत असल्याच्या शंकेने रिओनेग्रोकडे वळवलं गेलं होतं, आणि नियमाप्रमाणे त्याला पुढे घेतलं होतं. लामियाने दोन फेऱ्या मारल्या. या सगळ्या वेळात कॉकपिटमध्ये इंधन कमी असल्याचे इशारे होते; अहवालानुसार ते बऱ्याच आधीपासून, अपघाताच्या सुमारे ४० मिनिटं अगोदरपासून होते. तरीही कंट्रोलरला इंधनाबद्दल एक शब्द नाही. पहिला शब्द आला ९:४९ ला, तोही ‘प्रायॉरिटी’ मागण्यापुरता. तोपर्यंत कागदावरचं इंधन संपून नऊ मिनिटं झाली होती. आणीबाणी जाहीर झाली ती आणखी तीन मिनिटांनी. त्यानंतर लगेचच इंजिनं एकामागून एक बंद पडू लागली.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. जेट विमानात वीज इंजिनांवर चालणाऱ्या जनरेटरमधून येते. इंजिनं इंधनाअभावी बंद पडली की शेपटीतलं छोटं सहायक इंजिनही चालत नाही, कारण त्यालाही तेच इंधन लागतं. या विमानात मग राहते फक्त बॅटरी. रडारला विमानाची उंची कळवणारं यंत्र, ट्रान्सपॉन्डर, बंद, म्हणजे कंट्रोलरच्या पडद्यावरून विमानाची उंची गायब. कंट्रोलर यानेथ मोलिना रेडिओवर उंची विचारत होत्या, कारण त्यांना ती दिसत नव्हती. वरून ९,००० फूट असं उत्तर आलं, आणि धावपट्टीकडे नेणाऱ्या दिशांची विनवणी. रिओनेग्रोचा विमानतळच समुद्रसपाटीपासून ७,००० फुटांवर आहे आणि त्याच्या दक्षिणेला डोंगर. रात्र, पाऊस, ढग. ९:५९ ला विमान ला उनियोन गावाजवळच्या सेरो गोर्दो डोंगराच्या माथ्याला धडकलं. धावपट्टी तिथून अठराएक किलोमीटरवर होती. टाक्या रिकाम्या असल्यामुळे आग लागली नाही. जे सहा वाचले त्यात याचाही वाटा आहे.

मोलिना यांना अपघातानंतर धमक्या आल्या. मला याचं फार वाईट वाटतं. त्यांच्यासमोर एक विमान होतं ज्याने सांगितलं होतं की आमचं इंधन गळतंय, आणि एक होतं ज्याने काहीच सांगितलं नव्हतं. कोणाला आधी उतरवायचं हा प्रश्नच नव्हता. कंट्रोलरला टाकीचा काटा दिसत नाही. त्याला जे सांगाल तेवढंच त्याला कळतं.

लामियाच्या पायलट मंडळींना हे तरी ठाऊक असायला हवं होतं, आणि लॅटिन अमेरिकेतल्या प्रत्येक पायलटला असतंही, कारण २५ जानेवारी १९९० चा एक अपघात तिथे सगळ्यांना शिकवला जातो. एव्हियांकाची फ्लाइट ५२, बोईंग ७०७, बोगोटाहून न्यूयॉर्कला निघालेली, वाटेत मेडेलिनला, याच रिओनेग्रोला, थांबलेली. न्यूयॉर्कला हवामान खराब होतं म्हणून तिला तीन वेळा मिळून १ तास १७ मिनिटं होल्डिंगमध्ये ठेवलं. को-पायलटने रेडिओवर प्रायॉरिटी मागितली, इंधन संपत आलंय असंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द कधीच वापरला नाही. कॅप्टन त्याला बजावत होता की इमर्जन्सी सांग, आणि त्याला वाटत होतं आपण सांगितलंय. पहिला लँडिंगचा प्रयत्न फसला, विमान परत वर गेलं आणि लाँग आयलंडवर कोव्ह नेक इथे इंजिनं बंद पडून कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. त्या अपघाताने शिकवलेल्या गोष्टी पुढे नियमात आल्या. आज दोन ठरीव शब्दप्रयोग आहेत: ‘मिनिमम फ्युएल’, म्हणजे आता आणखी उशीर चालणार नाही, आणि ‘मेडे फ्युएल’, म्हणजे फायनल रिझर्व्हला हात लागणार. दुसरा उच्चारला की कंट्रोलर बाकी सगळ्यांना बाजूला करतो. लामियाच्या कॉकपिटमधून हे होल्डिंगच्या आधी आलं असतं तर मोलिना यांनी दोन इंधनग्रस्त विमानांचा विचार केला असता.

मग ते का बोलले नाहीत? माझा तर्क सांगते, तर्क म्हणूनच घ्या. मेडे दिला की उतरल्यावर चौकशी होते. चौकशीत पहिला कागद मागतात तो फ्लाइट प्लॅन. त्या कागदावर दोन रकान्यांत एकच आकडा होता.

घिरट्या नसत्या तर विमान उतरलं असतं का? दोन फेऱ्यांमुळे साधारण १०० किलोमीटरचं जास्तीचं अंतर कापलं गेलं. त्या वाचल्या असत्या तर कदाचित टेकलंही असतं, जवळजवळ कोरड्या टाक्यांनी. त्याला मी वाचणं म्हणणार नाही. हवाई वाहतुकीत होल्डिंग, पुढच्या विमानाचा टायर फुटणं, धावपट्टीवर कुत्रा येणं, या रोजच्या गोष्टी आहेत. रिझर्व्ह असतो तो यासाठीच. अशा प्रकारे काठावर उतरलेलं प्रत्येक उड्डाण कॅप्टनला चुकीची शिकवण देतं की बघ, पुरलं. लामियाने याआधीही इंधनाची अशीच ताणाताण केली होती हे तपासात पुढे आलं. त्याच महिन्यात अर्जेंटिनाचा राष्ट्रीय संघ, मेस्सीसह, याच विमानाने ब्राझीलला गेला होता.

आता त्या माणसांबद्दल दोन शब्द, नाहीतर हे सगळं नुसतं आकड्यांचं होईल. शापेको हे ब्राझीलच्या दक्षिणेतल्या सांता कातारिना राज्यातलं दोन लाख वस्तीचं शहर. १९७३ साली स्थापन झालेला हा क्लब २००९ मध्ये चौथ्या श्रेणीत खेळत होता आणि २०१४ मध्ये पहिल्या श्रेणीत पोचला. कोपा सुदामेरिकाना या खंडीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत सान लोरेन्सोविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी गोलकीपर दानिलोने जवळून आलेला फटका पायाने अडवला आणि संघ अंतिम फेरीत गेला. अंतिम सामना मेडेलिनच्या अॅटलेटिको नॅसिओनालशी, ३० नोव्हेंबरला. दानिलो अपघातस्थळी जिवंत सापडला होता, पण वाचला नाही. खेळाडूंपैकी तिघं वाचले: आलान रुशेल, नेतो आणि राखीव गोलकीपर जाक्सन फोलमन, ज्याचा एक पाय कापावा लागला. नेतो ढिगाऱ्यात सगळ्यात शेवटी, कित्येक तासांनी सापडला. विमानात २१ पत्रकार होते. त्यातला एकच, राफाएल हेन्सेल, वाचला. २०१९ मध्ये फुटबॉल खेळतानाच हृदयविकाराने तो गेला. बचाव पथकाला त्या अंधारात, चिखलात डोंगरावरचा जवळचा रस्ता एका स्थानिक शेतकरी कुटुंबातल्या मुलाने दाखवला.

सामना व्हायचा होता त्या रात्री मेडेलिनचं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांनी भरून गेलं आणि कोलंबियाचे लोक परक्या संघाच्या नावाचा गजर करत राहिले. अॅटलेटिको नॅसिओनालने स्वतः विनंती केली की विजेतेपद शापेकोएन्सेला द्या, आणि ५ डिसेंबरला ते दिलं गेलं. रुशेल ऑगस्ट २०१७ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध काम्प नोउवर पुन्हा मैदानात उतरला. त्या डोंगराला आता सेरो शापेकोएन्से म्हणतात.

फुटबॉल संघांच्याच वाट्याला हे का, हा शेवटचा प्रश्न. कारणं एकसारखी नाहीत. १९४९ मध्ये तोरिनोचा संघ लिस्बनहून परतताना ढगांमध्ये सुपेर्गाच्या टेकडीवर आदळला, ३१ गेले. १९५८ मध्ये म्युनिकला धावपट्टीवरच्या अर्धवट वितळलेल्या बर्फाने मँचेस्टर युनायटेडच्या विमानाचा वेग कापला. २३ गेले, त्यात ८ खेळाडू. त्यात कॅप्टन जेम्स थेन यांना दोष लावला गेला आणि तो पुसायला दहा वर्षं लागली. १९९३ मध्ये झांबियाचा राष्ट्रीय संघ लष्करी बफेलो विमानाने जात असताना गॅबनच्या किनाऱ्यालगत, एका इंजिनाला आग लागल्यावर चुकून दुसरं, चांगलं इंजिन बंद केलं गेलं, ३० गेले. पण एक गोष्ट सगळीकडे आहे: सगळा संघ एकाच विमानात बसतो, आणि क्लबजवळ पैसे आणि वेळ दोन्ही कमी असले की मिळेल ते चार्टर, म्हणजे भाड्याने ठरवलेलं विमान, किंवा मिळेल ते सरकारी विमान घेतो. शापेकोएन्सेने लामियाचं विमान थेट ब्राझीलमधूनच मागितलं होतं. ब्राझीलच्या नियामकाने परवानगी नाकारली, कारण ब्राझील आणि कोलंबिया यांच्यातलं हे उड्डाण तिसऱ्या देशाच्या कंपनीला करता येत नव्हतं. मग संघ साओ पाउलोहून सांता क्रूझपर्यंत नेहमीच्या प्रवासी विमानाने गेला आणि तिथे लामियात बसला. नकार मिळाला होता, पण तो संघाला दुसरी कंपनी शोधायला लावण्याइतका पुरला नाही.

म्हणून मुंबईच्या, गोव्याच्या किंवा कुठल्याही संघाचा मॅनेजर चार्टर ठरवताना मला विचारतो तेव्हा मी त्याला काही साधे प्रश्न लिहून देते. हे विमान पूर्ण प्रवाशांसह किती किलोमीटर जातं, आणि आपलं अंतर किती? वाटेत इंधनासाठी कुठे थांबणार, आणि आपल्याला तीन तास उशीर झाला तर तो विमानतळ उघडा असेल का? कोबिहाचं सगळं प्रकरण या एका प्रश्नात आहे. डिस्पॅच कोण करतं, तो माणूस कॅप्टनचा नोकर आहे का? आणि विम्याची पॉलिसी आपण जातोय त्या देशाला लागू आहे का, याचा कागद दाखवा. शापेकोएन्सेच्या कुटुंबांना विमा कंपनीने पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून भरपाई नाकारली आणि त्यांना वेगवेगळ्या देशांत वर्षानुवर्षं भांडावं लागलं. हे विचारायला विमानशास्त्र यावं लागत नाही. चांगली कंपनी दहा मिनिटांत लेखी उत्तर देते. उत्तर गुळमुळीत आलं तर नेहमीच्या प्रवासी विमानाची तिकिटं काढा, मधे एक रात्र विमानतळावर काढावी लागली तरी चालेल.